संकोच, सभाभीती आणि खानदेशातील विद्यार्थी

जळगाव किंवा धुळे येथील महाविद्यालयांच्या प्रथम वर्षाच्या वर्गात एक दृश्य वारंवार दिसते. प्राध्यापक प्रश्न विचारतात आणि उत्तर ठाऊक असलेला विद्यार्थी मान खाली घालतो. तास संपल्यावर तोच विद्यार्थी सोबत्याला तेच उत्तर घरच्या अहिराणीत बिनचूक समजावून देतो. त्याच्याजवळ ज्ञान नाही असे म्हणता येत नाही. वाणी नाही असेही म्हणता येत नाही. मग वर्गात त्याचे तोंड का मिटते, आणि ते उघडावे यासाठी काय करता येईल, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम विनय, संकोच आणि सभाभीती यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. वडीलधाऱ्यांसमोर मोजके बोलणे हा विनय होय. त्यात मनाला क्लेश नसतात. नव्या माणसांत रुळण्यास वेळ लागणे हा संकोच होय. तो स्वभावाचा एक कल असून त्यात दोष मानण्याचे कारण नाही. सभाभीती मात्र याहून वेगळी आहे. चारचौघे आपले परीक्षण करीत आहेत व ते आपणांस हीन ठरवतील, या धास्तीने मनुष्य बोलण्याचे प्रसंगच टाळू लागतो. मानसशास्त्रात या अवस्थेस सामाजिक चिंता असे म्हणतात. तिचा प्रारंभ बहुधा किशोरवयात होतो. १९८० साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात तिच्या तीव्र स्वरूपाला स्वतंत्र विकार म्हणून स्थान मिळाले.

ही भीती टिकून कशी राहते, याचे एक मान्यताप्राप्त विवेचन डेव्हिड क्लार्क व एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये केले. बोलण्याची वेळ आली की भित्र्या मनुष्याचे लक्ष विषयावरून उडून स्वतःकडे वळते. घसा कोरडा पडला, हात कापू लागले, हे त्याला स्वतःला तीव्रतेने जाणवते आणि ते सर्वांना दिसतच असणार असे तो गृहीत धरतो. मग तो मागच्या बाकावर बसतो, तोंडासमोर कागद धरतो किंवा वर्गातच येत नाही. टाळल्याने तत्काळ हायसे वाटते. परंतु त्या सुटकेनेच टाळण्याची सवय दृढ होते. आपण बोललो असतो तर खरोखर काय झाले असते, हे त्याला कधीच कळत नाही.

इतरांचे लक्ष आपल्याकडे असते त्याहून पुष्कळ अधिक आहे असे मनुष्यास वाटते, हे प्रयोगानेही दिसून आले आहे. टॉमस गिलोविच व त्यांचे सहकारी यांनी कॉर्नेल विद्यापीठात केलेले हे प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एकात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असे चित्र असलेला सदरा घालून त्यांना इतर विद्यार्थ्यांच्या खोलीत पाठविण्यात आले. सुमारे निम्म्या लोकांनी चित्र पाहिले असावे, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते सुमारे एक चतुर्थांश लोकांच्याच ध्यानात आले होते.

खानदेशातील विद्यार्थ्याच्या बाबतीत या सर्वसामान्य कारणास भाषेच्या कारणाची जोड मिळते. धुळे जिल्ह्यात व जळगावच्या पश्चिम भागात घरोघरी अहिराणी बोलली जाते, यावल-रावेरकडे लेवा गणबोली, तर सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी. वर्गात मात्र प्रमाण मराठी, आणि विज्ञानशाखेत इंग्रजी. मनातील वाक्य भाषांतरित करून मग उच्चारावयाचे, यात क्षणभर विलंब होतो. आणि एखादा घरचा शब्द निसटला की मागून हसू ऐकू येते. अशा एका हसण्याने पुढील वर्षभराचे मौन ओढवू शकते.

या लाजेस आधार नाही, याचा पुरावा जळगावातच आहे. आसोदे येथे १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. घरची व शेतीची कामे करता करता त्यांनी आपल्या बोलीत गाणी रचली. १९५१ मध्ये त्या निवर्तल्या आणि पुढील वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी ग्रंथरूपाने महाराष्ट्रासमोर आली. १९९० साली जळगाव येथे स्थापन झालेल्या विद्यापीठास २०१८ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. ज्या बोलीची विद्यार्थ्यास वर्गात लाज वाटते, त्याच बोलीत रचना करणाऱ्या कवयित्रीचे नाव त्याच्या पदवीपत्रावर असते.

भीती जाण्याची वाट पाहत बसल्याने ती जात नाही, हे गांधीजींच्या उदाहरणावरून दिसते. लंडनमध्ये शाकाहारी मंडळाच्या सभेत त्यांनी लिहून आणलेले भाषण दुसऱ्यास वाचावे लागले. मुंबईच्या न्यायालयात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीस उभे राहिले असता त्यांना शब्द सुचेना, व ते खाली बसले. १८९३ मध्ये प्रिटोरिया येथे हिंदी व्यापाऱ्यांसमोर त्यांनी व्यापारातील सचोटीवर भाषण केले, ते मात्र निभावले. विषयाचा त्यांनी पूर्ण विचार केला होता व त्याविषयी त्यांना तळमळ होती. लक्ष स्वतःवरून विषयाकडे गेले की भीतीचा जोर ओसरतो.

अमळनेरचे उदाहरण आणखी जवळचे आहे. स्वभावाने संकोची असलेले साने गुरुजी १९२४ मध्ये तेथील शाळेत शिक्षक झाले. छात्रालयातील मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढीत. लेखणी आणि मुलांचा लहानसा मेळा, अशा ओळखीच्या वातावरणात त्यांचा संवाद वाढत गेला. १९३० नंतर स्वातंत्र्यचळवळीत त्यांनी खानदेशातील सभा गाजविल्या.

रॉबर्ट झायोंक यांनी १९६५ मध्ये मांडलेला सिद्धांत येथे उपयोगी पडतो. श्रोत्यांच्या उपस्थितीत मुरलेले काम अधिक चांगले होते, कच्चे काम बिघडते. म्हणून पहिला सराव थोड्या व आपुलकीच्या श्रोत्यांसमोर व्हावा. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये पुरस्कारिलेले क्रमाक्रमाने भीतीला सामोरे जाण्याचे तत्त्वही हेच सुचविते. बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर गाडीची वेळ विचारावी. मग तासानंतर प्राध्यापकांस एक शंका विचारावी. मग वर्गात एक परिच्छेद वाचावा. मग पाच मित्रांसमोर दोन मिनिटे, आणि शेवटी गावच्या ग्रामसभेत एक प्रश्न. प्रत्येक पायरी भीती बरीच उतरेपर्यंत पुनःपुन्हा चढावी. तोंडासमोरचा कागद मात्र प्रारंभापासूनच खाली ठेवावा, कारण त्याच्या आडोशाने मिळालेल्या यशाचे श्रेय मन त्या कागदालाच देते.

जेथे भीतीमुळे परीक्षा, नोकरी वा विवाहाची बोलणी यांसारखे प्रसंगही टळू लागतात, तेथे तज्ज्ञाचे साहाय्य घेणे अवश्य आहे. विचार व वर्तन यांवर आधारलेली उपचारपद्धती या विकारात गुणकारी ठरली आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

तथापि सर्व भार एकट्या विद्यार्थ्यावर टाकणे न्याय्य होणार नाही. वर्गातील हसणे थांबविणे हे शिक्षकाचे काम आहे. प्रथम उत्तर अहिराणीत आले तरी ते स्वीकारावे, त्यातील विचाराचे कौतुक करावे आणि नंतर तेच प्रमाण मराठीत सांगण्यास अवधी द्यावा. एवढे घडले तरी मान खाली घालून बसलेल्या त्या विद्यार्थ्याचे उत्तर तास संपण्यापूर्वीच सर्वांस ऐकू येईल.