मिनी ट्रॅक्टरला स्लॅशर: आधी जोडी जमवा, मग सौदा करा

कोकणात आंबा-काजूच्या बागांत पावसाळा सरेपर्यंत कमरेएवढे रान उभे राहते. दिवाळीनंतर ते वाळते, आणि मग एका ठिणगीचा वणवा वीस-वीस वर्षे जपलेली कलमे खाऊन टाकतो. म्हणून सफाई वेळेत उरकावी लागते. मजूर मिळत नाहीत आणि खांद्यावरचा ग्रास कटर मोठ्या बागेला पुरत नाही. त्यामुळे आखातातून परतलेले आपले काही तरुण मिनी ट्रॅक्टर घेतात, मागे गवत कापायचा स्लॅशर लावतात, स्वतःची बाग करतात आणि शेजाऱ्यांची भाड्याने करून देतात. धंदा चांगला आहे. पण ट्रॅक्टर आणि स्लॅशर यांची जोडी जमली नाही, तर कमाई गिअरबॉक्सच्या दुरुस्तीत जाते आणि कधी जिवावरही बेतते.

आम्ही कापडाचे व्यापारी. आमच्याकडे जाणते गिऱ्हाईक रंग नंतर पाहते, पन्हा आधी विचारते. कारण पन्हा चुकला की किती मीटर घ्यायचे हा हिशेबच चुकतो. स्लॅशर घेतानाही पन्ह्यापासूनच सुरुवात करावी.

पहिली गोष्ट ताकदीची. बॉनेटवर लिहिलेले हॉर्सपॉवर इंजिनाचे असतात. स्लॅशर चालतो तो मागच्या पीटीओवर, आणि तिथे साधारण ८० ते ८५ टक्केच ताकद पोहोचते. म्हणजे २० हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरकडून पीटीओवर १६-१७ धरावेत. ट्रॅक्टरच्या चाचण्या मध्य प्रदेशात बुदनीच्या केंद्रीय संस्थेत होतात. त्या अहवालात पीटीओची ताकद लिहिलेली असते. विक्रेत्याकडे तो आकडा मागावा, त्यात संकोच नको.

आता पन्हा. ढोबळ हिशेब असा की साध्या गवताला रुंदीच्या दर फुटामागे पीटीओचे ४ हॉर्सपॉवर आणि दाट झुडपांच्या रानाला ५ धरावेत. १५ हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरला ३ फुटी स्लॅशर, २० वाल्याला साध्या गवतासाठी ४ फुटी आणि २५ वाल्याला झुडपांसाठीही ४ फुटी चालतो. मोठा पन्हा घेतला तर काम लवकर होईल असे वाटते, पण होते उलटेच. इंजिन दबते, पात्यांचा वेग उतरतो, आणि गवत कापले न जाता नुसते आडवे पडते. मात्र पन्हा मागच्या दोन चाकांच्या बाहेरच्या मापापेक्षा कमीही नको, नाहीतर चाकांनी दाबलेले गवत तसेच राहते. चढाच्या बागेत ट्रॅक्टरची काही ताकद चढण्यातच जाते, म्हणून तिथे हात आखडूनच माप घ्यावे.

दुसरी गोष्ट वजनाची. कंपनी सांगते की लिफ्ट ७०० किलो उचलते, आणि आपण निश्चिंत होतो. पण लिफ्टने उचलले म्हणजे ट्रॅक्टरने पेलले असे नाही. एक उदाहरण घेऊ. ट्रॅक्टर ८०० किलोचा आहे आणि त्यातले ३२० किलो पुढच्या चाकांवर आहेत. पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर दीड मीटर आहे, आणि २०० किलोच्या स्लॅशरचा भार मागच्या आसामागे दीड मीटरवर पडतो. स्लॅशर उचलला की पुढच्या चाकांवरचे २०० किलो कमी होतात. उरतात फक्त १२०. एकूण १००० किलोंपैकी १२ टक्के. स्टिअरिंग नीट लागायला पुढे किमान २० टक्के भार हवा असे मानतात. पुढे १०० किलोची वजने बसवली तर ११०० पैकी २२० होतात आणि हिशेब बरोबर बसतो. म्हणून पुढच्या वजनांची किंमत स्लॅशरच्या किमतीतच धरावी.

तिसरी गोष्ट जोडणीची. पीटीओचा वेग मिनिटाला ५४० फेरे असतो. इंजिनाच्या कोणत्या वेगावर तो मिळतो हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावे आणि तिथेच काम करावे. थ्री पॉइंटच्या पिना आणि दोन हातांमधले अंतर दोन्हीकडे जुळते का, तेही मोजावे. शाफ्ट लांब असेल तर मिस्त्रीकडून कापून घ्यावा, पण स्लॅशर वर-खाली करून, सर्व स्थितींत माप पाहून. काम करताना शाफ्टच्या दोन नळ्या निदान एक तृतीयांश एकमेकींत राहाव्यात आणि सर्वांत जवळ आल्यावरही टोकाला टेकू नयेत. टेकल्या तर गिअरबॉक्स फुटतो.

जांभ्याच्या जमिनीत पाते दगडावर बसणारच. तेव्हा तुटायला शिअर बोल्ट ठेवलेला असतो. तो तुटला की कंपनीने सांगितलेलाच बोल्ट घालावा. आपले कारागीर बंधू मेहरबानी म्हणून कडक पोलादाचा बोल्ट घालून देतात. मग बोल्ट टिकतो आणि गिअरबॉक्स जातो. स्लिप क्लच असेल तर पावसाळ्यात त्याच्या प्लेटी गंजून चिकटतात. हंगामाआधी स्प्रिंगा सैल करून तो सरकतो का हे पाहावे आणि पुन्हा ठरल्या मापाला कसावे.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी. पुष्कळ मिनी ट्रॅक्टरना एकच क्लच असतो. फिरणारी जड पाती थांबत नाहीत. क्लच दाबला तरी त्यांचा जोर पीटीओमार्गे चाकांत येतो आणि ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. समोर गडगा, विहीर किंवा उतार असेल तर परिणाम सांगायला नको. यावर उपाय ओव्हररनिंग क्लच. तो सायकलच्या फ्रीव्हीलसारखा असतो: पाती फिरत राहतात, पण ट्रॅक्टरला ढकलत नाहीत. एक क्लच असलेल्या ट्रॅक्टरला हा पुर्जा बसवल्याशिवाय स्लॅशर जोडूच नये.

४ फुटी पात्याचे टोक मिनिटाला ९०० फेऱ्यांना ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने फिरते. त्यातून उडालेला दगड माणसाला सोडत नाही. म्हणून पुढे-मागे साखळ्यांची झालर हवी, शाफ्टवर आवरण हवे, शंभर मीटरात कोणी नको आणि मडगार्डवर मुलाला बसवणे नको. उतारावर आडवे चालवू नये, वर-खाली चालवावे.

शेवटी पैशाचे. कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज होतो. पूर्वसंमतीचे पत्र हाती येण्याआधी खरेदी केली तर अनुदान मिळत नाही, म्हणून घाई करू नये. सौद्याला जाताना कागदावर पाच आकडे लिहून न्यावेत: पीटीओची ताकद, स्लॅशरचा पन्हा, त्याचे वजन, त्याच्या गिअरबॉक्सची क्षमता आणि चाकांचे बाहेरचे माप. जो विक्रेता हे आकडे सांगत नाही, त्याच्याकडे बयाणा देऊ नये. यंत्र स्वस्त मिळाले म्हणून नफा होत नाही; हंगामाचे दोन महिने ते न थांबता चालले तर होतो.