अर्धसंवाहकावरील धातुपटलांची अणुसंरचना

सिलिकॉनासारख्या अर्धसंवाहक स्फटिकाच्या पृष्ठभागावर धातूचा एक वा काही अणूंइतका जाड थर बसविला असता त्या थरातील आणि त्याखालील अणूंची जी नियमित मांडणी तयार होते, तिला धातुपटलाची अणुसंरचना म्हणतात. ट्रँझिस्टर, डायोड व संकलित मंडले यांत धातू आणि अर्धसंवाहक जेथे एकमेकांस भिडतात, तेथील विद्युत् गुणधर्म सीमेवरील अणूंच्या स्थानांवर बऱ्याच अंशी अवलंबून असतात. म्हणून ही स्थाने अँगस्ट्रॉमच्या (सेंमी.च्या दहा कोटीव्या भागाच्या) अंशापर्यंत निश्चित करणे महत्त्वाचे ठरते. मात्र ती कोणत्याही एका उपकरणातून थेट वाचता येत नाहीत. अनेक पद्धतींच्या साक्षी जुळवून ती ठरवावी लागतात. सिलिकॉनावरील चांदीचा थर हे याचे उत्तम उदाहरण आहे.

पूर्वतयारी : सामान्य निर्वातात, म्हणजे दाब पाऱ्याच्या १ मिमी. स्तंभाच्या दहा लक्षांश असताना, स्वच्छ पृष्ठभाग सुमारे एका सेकंदात वायूच्या रेणूंनी झाकला जातो. त्यामुळे याच्या दहा हजारांश इतक्या अल्प दाबाचे अतिनिर्वात पात्र वापरतात. त्यात पृष्ठभाग काही तास स्वच्छ राहतो. सिलिकॉन सुमारे १,२००° से.पर्यंत तापवून त्यावरील ऑक्साइड काढून टाकतात. मग तापविलेल्या धातूची वाफ त्यावर मोजक्या प्रमाणात बसू देतात.

पद्धती : सी. जे. डेव्हिसन व एल. एच. गर्मर यांनी १९२७ मध्ये निकेलच्या स्फटिकावरून इलेक्ट्रॉनांचे विवर्तन होते असे दाखविले. सुमारे १५० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनाची तरंगलांबी १ अँगस्ट्रॉम असते आणि तो काही थरांपलीकडे पोहोचत नाही. यामुळे पृष्ठभागाच्या अभ्यासास तो सोयीचा ठरतो. विवर्तनाच्या ठिपक्यांवरून एकक कोशिकेचा आकार व दिशा लगेच समजतात. परंतु कोशिकेच्या आत अणू कोठे आहेत, हे ठिपक्यांच्या तीव्रतेत दडलेले असते. मोजता येते ती केवळ तीव्रता. तरंगांची कला नोंदली जात नाही. म्हणून आधी एखादे प्रारूप कल्पून त्यावरून तीव्रता काढतात आणि ती मापनाशी ताडून पाहतात. इलेक्ट्रॉनांचे प्रकीर्णन अनेक वेळा होत असल्याने हे गणित किचकट होते. क्ष-किरणांचे प्रकीर्णन क्षीण, पण बहुतांशी एकदाच होते. सिंक्रोट्रॉनमधील प्रखर क्ष-किरण पृष्ठभागाला जवळजवळ स्पर्श करतील असे सोडल्यास वरच्या थरांचे विवर्तन मोजता येते.

गेर्ट बिनिग व हाइन्रिख रोरर यांनी विकसित केलेल्या स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाने १९८३ मध्ये स्वच्छ सिलिकॉनाच्या पृष्ठभागावरील अणूंची प्रतिमा मिळविली. अतिशय तीक्ष्ण धातूची सुई आणि पृष्ठभाग यांच्यामधून वाहणारा सूक्ष्म विद्युत् प्रवाह त्यात मोजतात. या कार्याबद्दल १९८६ चे नोबेल पारितोषिक दोघांना (अर्न्स्ट रुस्का यांच्याबरोबर) मिळाले. तथापि हे उपकरण अणूंची नव्हे, तर ठरावीक ऊर्जेच्या इलेक्ट्रॉन अवस्थांची घनता दाखविते.

चांदीचा थर : सिलिकॉनाच्या १११ पृष्ठावरील एकक कोशिकेची बाजू ३·८४ अँगस्ट्रॉम असते. सुमारे ५००° से. तापमानास त्यावर चांदीचा एकाणवीय थर बसविला की √३ पट बाजूची, ३०° फिरलेली नवी कोशिका तयार होते. विवर्तनाने ही रचना १९६७ मध्येच आढळली होती. पण तिचा उलगडा होण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला. १९८७ मध्ये सूक्ष्मदर्शकात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोणी नक्षी दिसली. तिच्यातील तेजस्वी ठिपके एका गटाने चांदीचे, तर दुसऱ्याने सिलिकॉनाचे अणू मानले. १९८८ मध्ये जपानमधील क्ष-किरण विवर्तनाच्या अभ्यासातून वेगळेच प्रारूप पुढे आले : सर्वांत वर एकमेकांस जोडलेले चांदीच्या अणूंचे त्रिकोण व त्यांच्याखाली सिलिकॉनाच्या अणूंची त्रिके. १९९१ मध्ये पुंजयामिकीय गणनेने याला पुष्टी मिळाली. तेजस्वी ठिपके कोणत्याच अणूचे नसून चांदीच्या त्रिकोणांच्या मध्याचे होते. रिक्त इलेक्ट्रॉन अवस्थांची घनता तेथे सर्वाधिक असते.

पुढे १९९९ मध्ये या प्रारूपातही दुरुस्ती सुचविण्यात आली. नीच तापमानास शेजारचे दोन त्रिकोण समान नसून एक मोठा व एक लहान असतो. नेहमीच्या तापमानास या दोन मांडण्या सतत आपापसांत बदलत असल्याने सरासरीत त्रिकोण समान भासतात, असे मानले जाते.

अशुद्धिमिश्रण : अर्धसंवाहकात अल्प अशुद्धी मिसळून जसे त्याचे संवहन बदलतात, तसेच या चांदीच्या थरातही करता येते. त्यावर सोन्याचे अल्प अणू बसविले असता √२१ पट, म्हणजे १७·६ अँगस्ट्रॉम बाजूची कोशिका तयार होते. सोन्याऐवजी जादा चांदी, तांबे किंवा सोडियम, पोटॅशियम यांसारखे अल्क धातू वापरूनही अशी रचना मिळते. हे अणू आपले इलेक्ट्रॉन चांदीच्या थरातील पृष्ठ-अवस्थांना देतात आणि त्यामुळे पृष्ठभागाची संवाहकता वाढते.

या कोशिकेत सोन्याचे अणू किती व कोठे, याविषयी एकाहून अधिक प्रारूपे मांडली गेली होती. हा प्रश्न सोडविण्यास पॉझिट्रॉन उपयोगी पडले. घन पदार्थातील सरासरी विद्युत् वर्चस् धन असल्याने धनभारित पॉझिट्रॉन अगदी लहान कोनातून आल्यास आत न शिरता पूर्णपणे परावर्तित होतात. म्हणजे त्यांची साक्ष फक्त सर्वांत वरच्या अणूंची असते. अशा प्रयोगांवरून कोशिकेत सोन्याचे तीन अणू, म्हणजे चांदीच्या दर सात अणूंमागे एक, असून ते चांदीच्या मोठ्या त्रिकोणांच्या मध्यावर बसतात, असे प्रारूप पुढे आले.

निष्कर्ष : विवर्तन असंख्य कोशिकांची सरासरी देते, सूक्ष्मदर्शक एखाद्या जागेची इलेक्ट्रॉन घनता दाखवितो, तर सैद्धांतिक गणना कोणती मांडणी ऊर्जेच्या दृष्टीने स्थिर आहे हे सांगते. या तिन्हींशी जुळणारे प्रारूपच ग्राह्य मानतात, आणि तेही नव्या मापनाने सुधारले जाऊ शकते. चांदीच्या थराच्या बाबतीत नेमके हेच घडले.