चाकांवरचं घर, लेखांक ७ : आउटलेट खाली, वाळू वर

गेल्या लेखात पिण्याच्या पाण्याची टाकी भरून झाली. आता दुसरं टोक. कॅराव्हॅनमधलं वापरलेलं पाणी आणि मैला फरशीखालच्या टाक्यांत साठतो. त्या रिकाम्या करायला बहुतेक गाड्यांत पंप नसतो, सगळी भिस्त उतारावर. घरात मोरी बांधताना गवंडी ढाळ काढतो, तेव्हा जमीन जागची हलत नाही आणि पुढचं गटार कुठे आहे हे त्याला ठाऊक असतं. वाळूत उभ्या केलेल्या गाडीला या दोन्ही गोष्टींची खात्री नाही.

कतारमध्ये मेसाईद ओलांडून सीलाइनच्या वाळूत शिरताना चालक टायरमधली हवा कमी करतात. टायर पसरतो, वाळूवर तरतो, पण त्याबरोबर सगळी गाडी थोडी खाली बसते. कतारी कुटुंबांचे हिवाळी तळ साधारण नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत असतात, आणि तिथली कॅराव्हॅन बहुधा हंगामभर एका जागी राहते. चाकं रुतत जातात, शमाल वारा त्यांच्याभोवती वाळू आणून टाकतो. विकत घेताना वीतभर उंचीवर असलेलं आउटलेट हंगामाच्या मध्यावर चार बोटांवर आलेलं असू शकतं. मग पाइप लावायचा कुठे आणि भांडं ठेवायचं कुठे?

आधी पाणी नेमकं कुठे अडतं ते समजून घ्यायला हवं. आउटलेटपेक्षा उंच तोंडाच्या भांड्यात पाणी जाणारच नाही, हा समज चुकीचा आहे. टाकीतली पातळी भांड्यातल्या पातळीपेक्षा वर आहे तोवर ते जात राहतं. भरलेली टाकी पहिल्यांदा जोरात वाहते आणि माणूस निर्धास्त होतो. पातळ्या जवळ आल्या की वेग मरतो आणि शेवटचा दहा-बारा सेंटीमीटरचा थर आतच राहतो. नेमका तोच थर सगळ्यात दाट असतो. पातळ पाणी पुढे निघून जातं, घट्ट गाळ तळाशी बसतो आणि कतारच्या उन्हात वाळून कडक होतो. पुढच्या वेळी तक्रार ‘टाकी लवकर भरते’ अशी येते.

तीन इंची पाइपाला मीटरमागे सुमारे दोन सेंटीमीटर ढाळ हवा. म्हणजे तीन मीटर लांब होजच्या दुसऱ्या टोकाशी किमान सहा सेंटीमीटर उतार. आउटलेट चार बोटांवर असेल, तर सहा सेंटीमीटर उतार दिल्यावर होजचं दुसरं टोक जवळजवळ वाळूतच टेकतं. म्हणून होज जितका आखूड तितका बरा. मध्ये झोळ पडू देऊ नका, घट्ट मैला त्या झोळातच थांबतो.

गाडी उचलणं हा सरळ उपाय. चाकांखाली चढणीचे ठोकळे ठेवून दहा-पंधरा सेंटीमीटर उंची मिळते. वाळूत ठोकळा नुसता ठेवला तर तोही रुततो, त्याच्याखाली जाड प्लायवूडची रुंद फळी लागतेच. कॅराव्हॅनच्या चार कोपऱ्यांचे पाय गाडी उचलण्यासाठी वापरू नका. ते गाडी डोलू नये म्हणून दिलेले असतात; तिचं सगळं वजन त्यांच्यावर घातलं तर ते वाकतात, कधी चॅसीसुद्धा पिळवटते. काहीजण आउटलेटच्या विरुद्ध बाजूचं चाक तेवढं वर चढवतात. त्याने टाकीच्या तळाला उतार मिळतो आणि गाळ आउटलेटकडे सरकतो, पण आउटलेट स्वतः वर येत नाही. आधी दोन्ही बाजू सारख्या उचला आणि शेवटची दोन-तीन मिनिटं लांबची बाजू किंचित जास्त वर घ्या. कष्टाचं काम आहे, पण टाकी पुरी रिकामी होते.

दुसरा उपाय सगळ्यांना सुचतो आणि माझा त्याला ठाम विरोध आहे. आउटलेटखाली खड्डा खणायचा आणि त्यात भांडं ठेवायचं, किंवा भांडंही नको, सरळ वाळूतच सोडून द्यायचं. वाळू शोषून घेईल, असं म्हणतात. कतारच्या किनाऱ्यालगत मोठ्या भागात सबखा आहे, खारट चिकणमातीची सपाट जमीन. तिथे भूजल फार वर असतं. हातभर खणलं की खड्ड्यात पाणी झिरपायला लागतं, म्हणजे तुमचा मैला थेट त्या पाण्यात मिसळतो. किनाऱ्यापासून आत गेलं तर प्रश्न वेगळा. उत्तर आणि मध्य कतारमध्ये चुनखडीच्या पठारावर उथळ खोलगट जागा आहेत, त्यांना रौदा म्हणतात. वर्षाला सरासरी जेमतेम ८० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या देशात पडलेलं पाणी तिथे गोळा होतं आणि झिरपून भूजलाला मिळतं. सिद्र आणि समूरची झाडं तिथेच दिसतात. नदी नसलेल्या देशात निसर्गाने दिलेलं गोडं पाणी मुख्यतः हेच, बाकी नळाला येणारं पाणी जवळजवळ सगळं समुद्रातून काढलेलं. उतार शोधत गाडी रौद्यात उतरवणं सोयीचं वाटतं, कारण सगळं आपोआप खाली वाहतं. पण ते त्या विहिरींकडे वाहतं ज्यांच्यावर उत्तरेकडची शेतं जगतात.

खड्ड्याचा दुसरा धोका माणसाला आहे. कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून खोलगट जागी साचतो. थोड्या प्रमाणात सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकाची वास ओळखण्याची शक्तीच जाते. वाहत्या वाऱ्यात तो विरतो, पण खड्ड्यात वाकून, तोंड आउटलेटशी नेऊन कुणी व्हॉल्व्ह उघडत असेल तर धोका पत्करतो. सेप्टिक टँकमध्ये उतरून माणसं मरतात हे महाराष्ट्राला सांगायची गरज नाही. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा झाल्यावरही त्या बातम्या थांबलेल्या नाहीत.

म्हणून खालच्या आउटलेटसाठी अधिक खाली जागा शोधू नका, मैल्याला वर ओढा. छोट्या टाकीला मॅसरेटर पंप पुरतो. तो बारा व्होल्टवर चालतो, आतल्या पात्यांनी मैला बारीक करतो आणि बागेच्या पाइपाएवढ्या होजमधून वरच्या दिशेनेही ढकलतो. त्याला ढाळ लागत नाही. कोरडा चालवू नका, आतला रबरी पंखा जळतो. बॅटरीवर ताण येतो, तेव्हा सुरू करण्याआधी ती भरलेली हवी.

हंगामभराच्या तळाला मात्र उपसा करणारा टँकर हाच योग्य. तो पोकळी निर्माण करतो आणि बाहेरची हवाच मैला वर ढकलते. तत्त्वतः दहा मीटरपर्यंत, प्रत्यक्षात सहा-सात मीटर. आउटलेट वाळूपासून चार बोटांवर आहे की वीतभर, याने टँकरला काही फरक पडत नाही. एकच काळजी घ्यायची. टाकी पातळ प्लास्टिकची असते आणि छतावरचा हवेचा पाइप घरट्याने किंवा वाळूने बुजला असेल तर ओढीने ती आत चेपते. उपसा चालू असताना संडासाची झडप उघडी ठेवा आणि होज आउटलेटवर घट्ट आवळण्याऐवजी किंचित फट ठेवा.

टँकर पुढे कुठे रिकामा होतो, हेही विचारा. दोहाच्या नैर्ऋत्येला कराना नावाचं सरोवर आहे. मलनिस्सारण जाळ्याला न जोडलेल्या वस्त्यांचा मैला टँकर वर्षानुवर्षं तिथे ओतत असत. अश्घाल या सार्वजनिक बांधकाम प्राधिकरणाने ते पुढे स्वच्छ करून घेतलं, पण तिथवर येण्याआधी ते जे झालं होतं, ते प्रत्येक तळाने छोट्या प्रमाणात करायला नको. शुद्धीकरण केंद्रात गेलेलं पाणी प्रक्रियेनंतर चारापिकांना आणि रस्त्याकडेच्या झाडांना दिलं जातं. परवानाधारक टँकरला दिलेले पैसे त्यासाठी आहेत.

कामाचा क्रम असा. व्हॉल्व्ह भरलेल्या टाकीवरच उघडा, निदान दोन तृतीयांश तरी. मैल्याची टाकी आधी, सांडपाण्याची नंतर, म्हणजे साबणाचं पाणी होज धुऊन काढतं. मग दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून होज गाडीच्या टोकापासून उचलत जा, आतलं सगळं टँकरकडे जाईल. सरकत्या पट्टीच्या खाचेत वाळू अडकली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, म्हणून आउटलेटचं झाकण काढण्याआधी आजूबाजूची वाळू ब्रशने झाडा. रबरी सीलला सिलिकॉन ग्रीस लावा, पेट्रोलजन्य तेलाने रबर फुगतं. टँकर चालवणारा माणूस बहुतेकदा आपल्याच उपखंडातला असतो, दिवसभर हेच काम करतो. त्याच्यासाठी हातमोजे, साबण आणि कॅनभर पाणी बाहेर काढून ठेवा.

पुढच्या आठवड्यात युरोपीय गाड्यांतला कॅसेट संडास पाहू. त्यात हाताने उचलायची वीस-एक लिटरची पेटी असते. त्यामुळे खालच्या आउटलेटचा प्रश्न तिथे नाही, प्रश्न भरलेली पेटी वाळूतून वाहून नेण्याचा आहे.