आवाजाची वाट

घरी रेडिओ लावला की निवेदकाचा आवाज थेट हवेतूनच आला असे आपल्याला वाटते. परंतु हवेत शिरण्यापूर्वी तो भिंतीतल्या कितीतरी तारांमधून चालत आलेला असतो. मी कला शाखेचा विद्यार्थी. विजेशी माझा संबंध दिवे गेले की मेणबत्ती शोधण्यापुरता. मात्र माझे काका वायरमन आहेत. आपल्या जिल्ह्यातील एका संस्थेच्या छोट्या ध्वनिमुद्रण कक्षाचे काम त्यांच्याकडे आले आणि सुटीत मी त्यांचा मदतनीस झालो.

मुंबईला नियमित प्रक्षेपण 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले, पुण्याला आकाशवाणी 2 ऑक्टोबर 1953 रोजी आली. पुढे नगरलाही आकाशवाणीचे केंद्र झाले. 2006 साली केंद्र सरकारने स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रे यांनाही सामुदायिक रेडिओची वाट मोकळी केली आणि लहान गावांतही स्टुडिओ उभे राहू लागले. तेव्हा हे काम आता केवळ मोठ्या शहरातल्या अभियंत्यांचे राहिलेले नाही.

आमची पहिली चूक काटकसरीची होती. भिंतीत दोन झिऱ्या मारण्याऐवजी एकच मारली आणि मायक्रोफोनची केबल व दिव्यापंख्याची वायर एकाच पाइपातून नेली. काम झटपट झाले. पहिल्याच दिवशी शेजारच्या गावातील एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. नंतर ऐकतो तो काय, ओवीच्या मागे सारखी घूंऽऽ अशी घरघर!

कारण साधे होते. मायक्रोफोनमधून निघणारा विद्युतदाब काही मिलिव्होल्टच असतो. शेजारून जाणारी वीज 230 व्होल्टची. म्हणजे दोघांत लाखपटीचे अंतर! कुजबुजणाऱ्या माणसाशेजारी ढोल बडवावा तसाच हा प्रकार. आपल्याकडील वीज सेकंदाला 50 आवर्तने करते, तीच ही घरघर. ती नंतर गाळता येते, पण पूर्ण नाही. 100, 150 अशा तिच्या पटी मानवी आवाजातच मिसळलेल्या असतात. घरघर खरवडावी तर आवाजही खरवडला जातो.

मग काकांनी सारे उपसले आणि आधी कागद घेतला. नियोजनाचे जे धडे मला मिळाले ते येथे सांगतो.

पहिला धडा, सोयरीक पाहून वाट. मायक्रोफोनच्या, यंत्रायंत्रांमधल्या आणि विजेच्या तारा अशा तीन जाती वेगळ्या ठेवायच्या. विजेपासून निदान फूटभर अंतर हवे. एकमेकींना ओलांडावेच लागले, तर काटकोनात ओलांडायचे. समांतर धावू द्यायचे नाही.

दुसरा धडा केबलच्या निवडीचा. मायक्रोफोनच्या केबलमध्ये पिळलेल्या दोन तारा व त्यांभोवती जाळी असते. दोन्ही तारांतून एकच आवाज परस्परविरुद्ध दिशेने जातो. बाहेरचा गोंगाट मात्र दोघींवर सारखाच बसतो. पलीकडचे यंत्र दोघींमधील फरक तेवढा घेते. आवाज उरतो, गोंगाट वजा होतो. गणितात नापास झालेल्या मलाही ही वजाबाकी आवडली.

तिसरा, अर्थिंग. दोन खोल्यांतील यंत्रे वेगवेगळ्या ठिकाणी जमिनीला जोडली, तर केबलच्या जाळीतूनच प्रवाह फिरू लागतो व पुन्हा घरघर होते. सर्व अर्थिंग एका बिंदूशी आणावे. घरघर थांबावी म्हणून यंत्राचे अर्थिंगच तोडणे म्हणजे जिवाशी खेळ.

चौथा, यादी. प्रत्येक केबलला क्रमांक. कोठून कोठे, कोणत्या जातीची, किती लांब, हे वहीत. लांबी आम्ही नकाशावर मोजली नाही; प्रत्यक्ष वाटेने सुतळी धरून मोजली, वर दोन्ही टोकांना मीटरभर जास्त. पाइप अर्धाही भरू द्यायचा नाही. उद्याच्या गरजेसाठी चार केबली जादा ओढून ठेवायच्या. दोन्ही टोकांना तोच क्रमांक चिकटवायचा. प्लास्टर होण्यापूर्वी मीटर लावून प्रत्येक तार तपासायची आणि खोल्यांमधील भोके बुजवायची, नाहीतर त्या वाटेने बाहेरच्या गप्पा आत येतात.

दुसऱ्यांदा काम झाले तेव्हा कक्ष इतका शांत होता की घड्याळाची टिकटिकसुद्धा स्वच्छ ऐकू आली. आम्ही आजींना आणायला निघालो, तर समजले की आठ दिवसांपूर्वीच त्या गेल्या. त्यांच्या ओव्या आमच्याकडे आहेत त्या घरघरीसकटच.

काकांनी त्या दिवशी काहीच भाष्य केले नाही. मात्र तेव्हापासून कोणतेही काम घेताना ते प्रथम वही उघडतात, मगच छिन्नीला हात घालतात. आपल्यापैकी अनेकजण उद्या गावोगावच्या ओव्या, गोष्टी, आठवणी ध्वनिमुद्रित करतील. त्यांना माझी एवढीच विनंती, की माणसाला बोलावण्यापूर्वी त्याच्या आवाजाची वाट नीट करून ठेवा.

– तृतीय वर्ष, कला