रँग्लर या शब्दाच्या मुळाशी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांत एक परकीय शब्द असा काही रुजला की, तो बिरुदासारखा माणसाच्या नावाआधी लागू लागला आणि त्याचा मूळ अर्थ विचारण्याची गरजच कुणाला भासेनाशी झाली. दापोलीजवळच्या मुर्डी या खेड्यात जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत जॉर्ज बर्टविसल या इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने पहिले आले, आणि तेव्हापासून मराठी माणसाच्या तोंडी ते जन्मभर ‘रँग्लर परांजपे’च राहिले. त्यांच्यामागून महाजनी रँग्लर झाले, विष्णु वासुदेव नारळीकर आणि त्यांचे चिरंजीव जयंत नारळीकर हे पितापुत्रही झाले. आणि रँग्लर म्हणजे गणितातला अजिंक्य पुरुष, ही समजूत आपल्या मनात कायम झाली. ज्या शिक्षणपद्धतीच्या पोटी हा शब्द जन्मला तिची ओळख मात्र आपल्याला फारशी झाली नाही, आणि ती करून घेणे आजही अगत्याचे आहे असे मला वाटते.

रँग्लर या शब्दाचा धात्वर्थ ‘वाद घालणारा’ असा आहे. इ. स. १२०९ च्या सुमारास ऑक्सफर्ड सोडून आलेल्या विद्वानांनी केंब्रिज येथे विद्यापीठाचा पाया घातला, त्यानंतर कित्येक शतके तेथे लेखी परीक्षा नव्हतीच. पदवीच्या उमेदवाराने भरल्या सभेत एखादा सिद्धान्त मांडावा, प्रतिपक्षाने त्यावर आक्षेप घ्यावेत आणि उमेदवाराने त्यांचे निरसन करावे, असा तेथील दस्तुर होता. या समारंभात एक पदवीधर तीन पायांच्या तिवईवर बसून उमेदवारांशी हुज्जत घालीत असे, आणि त्या तिवईवरूनच केंब्रिजच्या पदवी परीक्षेला ‘ट्रायपॉस’ हे नाव पडले, जे आजतागायत सर्व विषयांना लागू आहे.

अठराव्या शतकात हळूहळू या मौखिक वादाची जागा लेखी प्रश्नांनी घेतली आणि उत्तीर्णांची नावे गुणानुक्रमाने जाहीर होऊ लागली. पहिल्या वर्गातले ते रँग्लर, त्यांच्या खालचे सीनियर ऑप्टिमे आणि त्याखालचे ज्युनियर ऑप्टिमे. सर्वांत वर सीनियर रँग्लर, आणि यादीतल्या अखेरच्या मानकऱ्यासाठी सिनेट हाउसच्या सज्जातून त्याचे सोबती लाकडी पळी खाली सोडीत. या यादीत स्त्रियांना स्थान नव्हते. १८९० साली न्यूनम कॉलेजच्या फिलिपा फॉसेट यांचे गुण सर्वांहून अधिक भरले, तेव्हा ‘सीनियर रँग्लरच्या वर’ एवढीच घोषणा झाली. केंब्रिजने स्त्रियांना रीतसर पदवी बहाल केली ती १९४८ साली.

आपल्या न्यायशास्त्राने चर्चेचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत तत्त्व जाणून घेण्याच्या इच्छेने होतो तो वाद आणि केवळ जिंकण्याच्या इच्छेने होतो तो जल्प, असा भेद केला आहे. एकोणिसाव्या शतकातील ट्रायपॉसचा प्रवास हा वादाकडून जल्पाकडे झालेला प्रवास होता, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. क्रमांकाच्या ध्यासाने विद्यार्थी प्राध्यापकांच्या व्याख्यानांकडे पाठ फिरवून खाजगी शिकवण्या घेणाऱ्यांच्या दारी रांगा लावू लागले. एडवर्ड राउथ या एकट्या शिक्षकाच्या हाताखालून पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर बाहेर पडले. राउथ हे खरोखरच थोर शिक्षक होते, पण घड्याळाच्या काट्याशी शर्यत लावून ठरावीक धर्तीची उदाहरणे सोडविण्याच्या या कवायतीत गणिताचे मर्म हरवते, अशी तक्रार पुढे जी. एच. हार्डी यांच्यासारख्या गणितज्ञांनी धसास लावली. १९०९ साली क्रमवार यादी अखेरची वाचली गेली; त्यानंतर वर्ग जाहीर होतो, पण वर्गातला क्रमांक नाही. परांजपे यांच्या यशाला तेव्हा अवघी दहा वर्षे झाली होती. आपण ज्या शिखराकडे अजून डोळे लावून होतो, ते शिखर केंब्रिजने आपल्या हातांनी उतरवून ठेवले, आणि असे करताना त्या विद्यापीठाची प्रतिष्ठा तसूभरही घटली नाही.

ती घटली नाही याचे कारण क्रमांकाच्या खाली असलेल्या पायात आहे. केंब्रिजची पदवी बहुतेक विषयांत तीन वर्षांची, आणि वर्षातल्या तीन टर्म जेमतेम आठ-आठ आठवड्यांच्या. व्याख्याने, परीक्षा आणि पदवी हे विद्यापीठाचे काम. प्रवेश, निवास आणि वैयक्तिक अध्यापन ही त्याच्या ३१ कॉलेजांची जबाबदारी. या वैयक्तिक अध्यापनाला तेथे ‘सुपरव्हिजन’ म्हणतात. एक, दोन, फार तर तीन विद्यार्थी शिक्षकाच्या खोलीत तासभर बसतात. गणिताच्या विद्यार्थ्याने सोडविलेली उदाहरणे किंवा इतिहासाच्या विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध आधीच शिक्षकाकडे पोहोचलेला असतो, आणि मग ओळीओळीला ‘हे कशावरून?’ असा प्रश्न होतो. तेथे मागच्या बाकावर लपण्याची सोय नसते. या तासाचे गुण अंतिम परीक्षेत धरले जात नाहीत, म्हणून विद्यार्थ्याला चुकण्याची मुभा असते, आणि चुकीतून वाट काढणे हेच त्या तासाचे खरे अध्ययन असते. तिवईवरचा तो जुना वाद असा एका लहानशा खोलीत पुन्हा नांदू लागला.

तेथील रीतिरिवाजांकडेही याच दृष्टीने पाहावे. ‘मॅट्रिक्युलेशन’ या शब्दाचा आपल्याकडे ‘मॅट्रिक’ होऊन तो शाळेच्या शेवटच्या परीक्षेला चिकटला; केंब्रिजमध्ये त्याचा अर्थ विद्यापीठाच्या पटावर नाव दाखल होणे, आणि प्रत्येक नवागताला हा प्रसंग समारंभाने साजरा करून सांगितले जाते की, आजपासून तू या कुळातला. आपल्याकडे हजेरीने टर्म भरते. तेथे ती निवासाने भरते, आणि पदवीच्या विद्यार्थ्याने ग्रेट सेंट मेरी चर्चपासून तीन मैलांच्या आत राहावे असा जुना नियम आहे. जुन्या इमारतींत खोल्या जिन्याजिन्याने मांडलेल्या, पायथ्याशी रहिवाशांच्या नावांची पाटी आणि कित्येक खोल्यांना दुहेरी दारे. बाहेरचे दार लावलेले दिसले की आतला माणूस अभ्यासात आहे, त्याला हाक मारू नये, हा संकेत सर्वांना ठाऊक. समारंभाच्या भोजनाला विद्यार्थी झगे घालून बसतात, लॅटिन प्रार्थना होते, आणि शिक्षकांची पंगतही त्याच दालनात असते.

परीक्षा उरकल्यावर कॅम नदीवर नौकांच्या शर्यती होतात. पात्र इतके अरुंद की दोन नौका शेजारून जाणे कठीण, म्हणून त्या एकामागे एक सुटतात आणि मागच्या नौकेने पुढचीला गाठून धक्का द्यायचा असतो. हा उत्सवाचा आठवडा पूर्वी मे महिन्यात येई. तो जूनमध्ये गेला, तरी नाव ‘मे वीक’च राहिले.

पदवीदानाचा विधी तर मला अत्यंत हृद्य वाटतो. चार-चार विद्यार्थी पुढे येतात, कॉलेजचा प्रतिनिधी आपला उजवा हात पुढे करतो आणि प्रत्येक जण त्या हाताचे एकेक बोट धरतो. मग एकेकाने कुलगुरूंसमोर गुडघे टेकून आपले जोडलेले हात त्यांच्या हातांत द्यायचे. मूल बोट धरून चालायला शिकते. तीन वर्षे बोलण्यात, वादात आणि पंगतीत सोबत केलेल्या गुरुजनांचे बोट शेवटच्या पावलालाही सोडायचे नाही, एवढा सरळ अर्थ मी त्यात वाचतो.

हे सारे आपल्याकडे का आले नाही, याचे उत्तर इतिहासात आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, म्हणजे कॉलेजांना संलग्न करून घेणारी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेऊन सनदा देणारी संस्था म्हणून. एवढ्या विस्तीर्ण मुलखात थोड्या खर्चात शिक्षण पोहोचवायचे तर दुसरा मार्गही सोपा नव्हता, आणि त्या मार्गाने अनेक पिढ्या शिकल्या याचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु परीक्षा हाच विद्यापीठाचा प्राण ठरल्यामुळे केंब्रिजमधून आपल्या कानी आला तो क्रमांकाचा जयघोष. बंद दाराआडचा तो एक तास आपल्याला ऐकू आला नाही.

परांजपे यांनी मात्र परदेशी जाण्यापूर्वी डेक्कन एज्युकेशन सोसायटीला दिलेला शब्द पाळला. ते पुण्याला परतले, १९०२ साली फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि गणिताच्या वर्गावर उभे राहिले. त्यांच्या बिरुदाचा अभिमान आपण बाळगलाच आहे. आता त्या शब्दाचा अर्थही आपलासा करावा. त्यासाठी गॉथिक कमानी लागत नाहीत, की शतकांची श्रीमंती लागत नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या कॉलेजात एखाद्या शिक्षकाने आठवड्यातून एक तास राखून ठेवावा, दोन मुलांच्या वह्या आधी वाचून घ्याव्यात आणि त्यांना समोर बसवून विचारावे, ‘हे कशावरून?’ मूल अडखळेल, गप्प बसेल, चुकेल. आणि पुढच्या आठवड्यात उत्तर घेऊन येईल, त्या दिवशी त्या खोलीत एक रँग्लर जन्माला आलेला असेल.