कापूस पिकवणाऱ्यांची गोधडी

यवतमाळ हा पांढऱ्या सोन्याचा जिल्हा, आणि इथल्या गोधडीत कापूस नसतो. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की त्याला वाटतं आपण त्याची फिरकी घेतोय. पण घरोघरी हेच चालत आलं. कापूस म्हणजे नगद पैसा, तो बंडीत भरून बाजाराला जायचा. घरात राहायचा तो देवाच्या वातींपुरता, नाहीतर कोणी घेत नाही असा कवडीचा कापूस, उशीपुरता. पिंजारी बोलावून गादी-रजई भरून घेण्याची ऐपत वाड्यातल्यांची. बाकीच्यांच्या अंगावर जुन्या लुगड्या-धोतरांचे थर. हे कापड घरात कुठून आलं आणि कधी यायचं थांबलं, हे पाहायचं तर दीडशे वर्षं मागं जावं लागतं.

1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. यवतमाळ तेव्हा वेगळ्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याचं ठाणं होतं. जिल्ह्याला ‘यवतमाळ’ हे नाव 1905 साली मिळालं. वऱ्हाड आणि मध्य प्रांतासाठी इंग्रजांनी कापूस आयुक्त नेमला, हॅरी रिव्हेट-कार्नॅक. इथून कापूस जावा आणि त्याच वाटेनं मँचेस्टरचं कापड इथं यावं, हा हिशेब सरकारी कागदांत उघडउघड मांडलेला होता. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अरुंद रुळांची गाडी आली, आपली शकुंतला. गाठी घेऊन जाणारी ही गाडी 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. जाताना कापूस, येताना कापड. मधल्या मध्ये गावातल्या कोष्ट्याच्या मागाची खटखट कमी होत गेली.

तरी गोधडीला त्याचं काही बिघडलं नाही. कापड मागावरचं असो की गिरणीचं, होतं सुती. 1877 साली जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, पुढं पुलगाव, हिंगणघाट, बडनेऱ्यालाही गिरण्या निघाल्या, आणि मिलचं लुगडं खेड्यातल्या बाईच्या अंगावर आलं. ते आधी सणाला, मग रोज, मग वावरात नेसायचं. विरलं की वळचणीत पडून राहायचं आणि तिथून गोधडीत.

गोधडीचं काम निघायचं उलंगवाडी झाल्यावर. कापसाचा शेवटचा वेचा संपला, पऱ्हाट्या उपटून झाल्या, की चैत्र-वैशाखाच्या दुपारी सपरीत बाया बसायच्या. नऊवारी लुगडं सत्तावीस फुटांचं. त्याचे चार तुकडे केले की एकेक पावणेसात फुटांचा होतो. दोन-दोन शेजारी जोडले की एकाच लुगड्यात गोधडीची खालची आणि वरची दोन्ही अंगं निघतात. खालचं अंग सारवलेल्या जमिनीवर ताणून अंथरायचं, चारी कोपऱ्यांवर दगड. त्यावर धोतराचे, सदऱ्याचे, उशीच्या अभ्र्याचे तुकडे असे पसरायचे की कुठं टेंगूळ येऊ नये आणि कुठं पोकळी राहू नये. गोधडी बिघडते ती इथंच. शिवण उसवली तर पुन्हा घालता येते, पण आत गोळा झालेलं कापड जन्मभर पाठीला टोचतं. मग वरचं अंग, लांबलांब कच्चे टाके, आणि त्यानंतर काठापासून आत आत सरकत जाणारा धावदोरा. एकीनं एका बाजूनं, दुसरीनं समोरून. रेघा कुठं वाकड्या झाल्या यावरून कोणती बाजू सुनेची आणि कोणती सासूची, हे घरातल्यांना बरोबर कळायचं.

वरचं अंग सगळ्यांचं अखंड निघायचं नाही. लुगडं मध्येच फाटलेलं असलं की तिथं चौकोन, तिकोन, शिंप्याकडून मागून आणलेल्या चोळखणाच्या पट्ट्या. तान्ह्या बाळाच्या गोधडीत मात्र हौस असायची. दांडगे रंग, काठाला त्रिकोणांची रांग, आत आजोबाचं मऊ पडलेलं धोतर. आज दुकानात ‘पॅचवर्क’ म्हणून जे मिळतं ते या छोट्या गोधडीसारखं दिसतं. मोठ्या गोधडीला एवढं सजवायला कोणाला सवड होती?

ठिगळांना वऱ्हाडात मान मिळाला तो एका माणसामुळं. 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा चिंध्यांचीच वस्त्रं अंगावर घालून गावोगाव फिरले. लोक त्यांना चिंधेबुवा म्हणत, गोधडेबुवा म्हणत. अंगावर ठिगळं आणि हातात झाडू असलेला माणूस गाव स्वच्छ करून कीर्तनाला उभा राहायचा, आणि समोर बसलेल्यांच्या अंगावरची पांघरुणंही तशीच असायची.

मग दुसरं महायुद्ध आलं. 1943 साली सरकारनं कापड नियंत्रणात आणलं. त्या काळातल्या म्हाताऱ्या ‘कंट्रोल’ हा शब्द असा उच्चारत की जणू एखादी साथ येऊन गेली होती. नवं कापड मिळेना, म्हणून जुनं आणखी दोन वर्षं अंगावरच राहायचं. अशा वेळी गोधडीवर गोधडी चढायची: आधीची विटली की तीच आतला थर म्हणून घ्यायची आणि वरून नवं अंग घालायचं. अशी दोन पिढ्यांची गोधडी दसऱ्याआधी नाल्यावर धुवायला नेली की ओली उचलायला दोघी लागायच्या.

स्वातंत्र्यानंतरही सुती कापडाचा पुरवठा चालू राहिला. 1976 पासून सरकारच्या योजनेतून हातमागाचं जनता कापड आलं, स्वस्त धोतरं, स्वस्त साड्या. जाडंभरडं होतं, पण दोन वर्षांत मऊ व्हायचं आणि गोधडीत शोभायचं. कापसाचं म्हणाल तर 1972 पासून एकाधिकार खरेदी योजना लागू झालेली, शेतकऱ्याचा सगळा कापूस सरकारी खरेदी केंद्रावर. घरात तो तेव्हाही राहत नव्हता.

गोधडी मोडली ती यानंतर, आणि माझ्या मते ती सोलापुरी चादरीनं मोडली नाही, ब्लँकेटनंही नाही. ती मोडली टेरिलीनच्या साडीनं. साठ-सत्तरच्या दशकांत नायलॉन, टेरिकॉट शहरातून आलं. 1985 च्या वस्त्रधोरणानं कृत्रिम धाग्यावरचा भार हलका केला आणि दहा वर्षांत आठवडी बाजारातली सगळ्यात स्वस्त साडी पॉलिस्टरची झाली. धुवायला सोपी, वाळायला झटपट, फाटायचं नाव नाही. नेसणारीला यात नावं ठेवण्यासारखं काय होतं? वावरात राबणाऱ्या बाईला तर ती वरदानच. पण जी फाटत नाही आणि मऊ पडत नाही ती गोधडीत घालायची कशी? आमच्या शेजारच्या काकू वैतागून म्हणायच्या, “याच्यात सुई रुतत नाही वं माय, नुसती घसरते.” थर एकमेकांवरून सरकतात, धावदोरा सैल पडतो, घाम शोषला जात नाही, हिवाळ्यात गार आणि उन्हाळ्यात चिकट. त्यात दारात बोहारीण येऊ लागली. चार साड्या दिल्या की स्टीलचं पातेलं. जुनं सुती लुगडं ती घेत नसे, पण तेही आता घरात उरलं नव्हतं.

पुसद, दिग्रस, आर्णीकडच्या तांड्यांत हीच गोष्ट निराळ्या रंगात घडली. बंजारा बायांचा फेटिया, कांचळी, टुकरी म्हणजे तुकडे जोडण्याची आणि आरसे बसवण्याची कला अंगावर वागवणंच. मुली साडी-सलवारीकडं वळल्या तशी ही वस्त्रं पेटीत गेली, आणि पेटीतून व्यापाऱ्याकडं.

उरलेली जागा पानिपतनं भरली. जगभरातले टाकून दिलेले लोकरी कपडे तिथं येतात, फाडून त्यांचा पुन्हा धागा होतो आणि त्याची ब्लँकेटं देशभर जातात. म्हणजे यवतमाळच्या माणसानं जुनं पांघरायचं सोडलं नाही, फक्त स्वतःच्या घरचं सोडून दुसऱ्या कोणाचं तरी घेतलं.

जगात हे एकट्या आपल्याकडं झालेलं नाही. अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंड या गावच्या कृष्णवर्णीय बायका कापसाच्या शेतात राबायच्या आणि गोधड्या शिवायच्या वापरून झिजलेल्या कामाच्या कपड्यांच्या. आत भरायला जिनिंगच्या फरशीवर सांडलेला कापूस झाडून आणायच्या. 2002 साली त्याच गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतींवर लागल्या. वणी-पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये काम केलेल्या बाईला यातलं एकही वाक्य समजावून सांगावं लागणार नाही, संग्रहालयाचं सोडून.

आपल्याकडं गोधडी परत येतेय ती बचत गटांतून आणि शहरी मागणीतून. ग्राहकाला हाताचा धावदोरा हवा, सुती कापड हवं, आणि किंमत मशीनवरच्या दुलईएवढी हवी. हाताची मोठी गोधडी म्हणजे बऱ्याच दिवसांचं काम. शेतातल्या मजुरीच्या दरानं नुसता हिशेब केला तरी भाव ऐकून गिऱ्हाईक मागं सरतं. त्यामुळं गटातल्या बाया मशीनवर चौकोन जोडतात, आत पॉलिस्टरचा तयार थर घालतात आणि वरून शोभेपुरते चार टाके हातानं मारतात. मला ही फसवणूक वाटत नाही, पण तिला ‘आजीची गोधडी’ म्हणून विकणं पटत नाही.

अडचण वेगळीच आहे. निव्वळ सुती कात्रण आता किलोच्या भावानं विकत आणावं लागतं. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत 1990 च्या दशकात रेमंडचा डेनिमचा कारखाना आला, आणि गावोगाव पोरांच्या अंगावर जीन्स आली. घरातलं सगळ्यात जाड सुती कापड आज हेच. काही घरांत जुन्या जीन्सचे पाय उसवून, चौकोन पाडून गोधड्या केल्या आहेत. जड होतात, मशीनची सुई मोडते, वाळायला दोन दिवस लागतात. पण घाम शोषतात, आणि टाका जिथं घालावा तिथंच राहतो.