सिग्नल पाळणारी छोटी आगगाडी

एका प्रशस्त मेजावर हिरवे डोंगर उभारलेले आहेत. डोंगराच्या पोटातून बोगदा जातो, बोगद्यापुढे स्टेशन लागते आणि स्टेशनाच्या अलीकडे बोटभर उंचीचा सिग्नल तांबडा दिवा दाखवीत उभा असतो. रुळांमधील अंतर अवघे १६.५ मिलिमीटर. खऱ्या वस्तूच्या सत्त्याऐंशीपट लहान, असे या गाडीचे प्रमाण. त्यामुळे चोवीस मीटर लांबीचा डबा येथे सुमारे साडेसत्तावीस सेंटिमीटरांत बसतो. बोगद्यातून गाडी बाहेर पडते, तांबड्या दिव्याजवळ येते आणि त्याची यत्किंचितही पर्वा न करता पुढे निघून जाते! फलाटावर उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीवर ती आदळते आणि चार डबे रुळांवरून खाली कलंडतात.

यात छोट्या गाडीचा दोष नाही. सिग्नल हा मुळात गाडी थांबवीतच नसतो; तो फक्त सांगतो. थांबविण्याचे काम चालकाचा डोळा आणि त्याचा हात यांचे. खेळातल्या इंजिनात चालक नसतो. पण खऱ्या इंजिनात चालक असूनही तांबडा दिवा ओलांडला जातो, आणि मग जे घडते ते खेळातले नसते. ८ ऑक्टोबर १९५२ रोजी सकाळी पर्थहून लंडनकडे येणारी रात्रीची एक्सप्रेस हॅरो अँड वील्डस्टोन या स्टेशनापूर्वीचे सिग्नल ओलांडून उभ्या लोकलवर आदळली. लगोलग समोरून येणारी दुसरी एक्सप्रेस त्या ढिगाऱ्यात घुसली. ११२ माणसे प्राणास मुकली. चालक आणि फायरमन दोघेही त्यात गेले. सिग्नल का पाळला गेला नाही, हे कधीच उलगडले नाही. दिव्याला नुसते बोलता येऊन भागत नाही, त्याला गाडीवर काही सत्ताही हवी, ही गोष्ट त्या दिवसानंतर ब्रिटनमध्ये फारशी समजावून सांगावी लागली नाही.

छोट्या गाडीवर ही सत्ता चालवायची कशी? जर्मनीतील गोपिंगेन गावच्या मेर्कलिन कंपनीने १८९१ साली लायप्झिगच्या जत्रेत रुळांसह चावीची आगगाडी मांडली, तेव्हा हा प्रश्न उद्भवण्याजोगा नव्हता. चावी संपली की गाडी थांबे. पुढे विजेची गाडी आली. तिचे दोन रूळ म्हणजेच दोन तारा होत. एका रुळातून आलेला प्रवाह चाकांवाटे मोटारीत जातो आणि दुसऱ्या रुळातून परत फिरतो. तेव्हा सिग्नलजवळ एक रूळ दोन ठिकाणी कापावा, मधल्या तुकड्याला प्रवाह एका बटणातून द्यावा, आणि तेच बटण सिग्नलच्या दिव्यालाही जोडावे. दिवा तांबडा झाला की तुकडा निर्जीव होतो आणि त्यावर आलेले इंजीन थांबते. युक्ती सोपी आहे. परंतु गाडी अशी थांबते की जणू भिंतीवर आपटली. डब्यांतले दिवे विझतात आणि वेगात असलेले मागचे डबे पुढच्यांवर चढू पाहतात. कोणतीही खरी गाडी अशी थांबत नाही.

एकोणिसशे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील लेन्झ कंपनीने निराळी पद्धत तयार केली, आणि अमेरिकेतील छोट्या रेल्वेच्या हौशी मंडळींच्या राष्ट्रीय संस्थेने पुढील दशकात तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. या पद्धतीत रुळांवर सदैव पुरेशी वीज खेळत असते. मात्र ती क्षणाक्षणाला दिशा पालटते, आणि त्या पालटण्यातच निरोप दडलेला असतो. प्रत्येक अर्धी लहर सुमारे ५८ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखांश भागाच्या ५८ पट, टिकली की तो ‘एक’ समजायचा. १०० मायक्रोसेकंद किंवा त्याहून अधिक टिकली की ते ‘शून्य’. अशा एकशून्यांची ओळ म्हणजे एक पत्रच. आरंभी सलग अनेक ‘एक’ येतात. पोस्टमनने दाराची कडी वाजवावी, तसे हे समजावे. मग इंजिनाचा पत्ता, नंतर आज्ञा आणि शेवटी ताळा.

या ताळ्याची रीत मोठी गमतीची आहे. समजा पत्ता ००००००११ असा आहे आणि आज्ञा ०१११०१०० अशी. दोन्ही ओळी एकाखाली एक लिहाव्यात. वरखाली सारखे अंक आले तर शून्य मांडावे, निराळे आले तर एक. उत्तर येते ०१११०१११. हेच उत्तर पत्राच्या शेवटी धाडलेले असते. इंजिनाच्या पोटात बसलेला डिकोडर हा चिमुकला वाचक स्वतः हे गणित करतो. ताळा जुळला नाही तर ते पत्र सरळ टाकून देतो. पत्ता आपला नसला तरीही तो आज्ञेकडे लक्ष देत नाही. म्हणूनच एकाच रुळावर दोन इंजिने असली तरी एक चालते आणि दुसरे स्वस्थ उभे राहते.

आता अशा रुळांवर सिग्नलजवळची वीजच तोडली, तर पत्रही तुटेल आणि पूर्वीचाच धक्का पुन्हा बसेल. येथे एक फार सुंदर तोड काढण्यात आली. डायोड नावाचा एक लहानसा भाग असतो. तो विजेला एकाच दिशेने जाऊ देतो, आणि जाऊ देतानाही सुमारे ०.७ व्होल्ट जकात घेतो. गाडीच्या जाण्याच्या दिशेने उजवीकडे येणारा रूळ दोन्ही टोकांना कापून त्या तुकड्याला वीज डायोडांतून द्यायची: एका दिशेने चार डायोड ओळीने, आणि उलट दिशेने एकच. मग लहरीच्या एका अर्ध्या भागातून २.८ व्होल्ट गळतात, दुसऱ्यातून केवळ ०.७. लहर एका बाजूने सुमारे दोन व्होल्टांनी ठेंगणी होते. निरोप मात्र अबाधित राहतो, कारण तो लहरीच्या उंचीत नसून तिच्या अवधीत लिहिलेला असतो! ज्या डिकोडरला ही खूण ओळखण्याची सोय दिलेली असते, तो लहर लंगडी झालेली पाहताच ठरवून दिलेल्या गतीने वेग कमी करीत गाडी उभी करतो. दिवे तेवत राहतात. उलट दिशेने जाणारी गाडी हीच लंगडी लहर डाव्या हाताला पाहते आणि न थांबता जाते, कारण तो सिग्नल तिच्यासाठी नसतोच.

सिग्नल हिरवा झाला की डायोडांना वळसा घालणारी वाट उघडली पाहिजे. हे काम रिले करतो. त्याच्या वेटोळ्यातून प्रवाह गेला की चुंबक पट्टी ओढतो आणि संपर्क जुळतो. वीज जकातनाके टाळून थेट रुळात पोहोचते.

एवढे जोडून झाले म्हणजे काम संपले, असे पुष्कळांना वाटते. आणि पहिल्याच दिवशी गाडी तांबड्यावरून निघून जाते. तारा नीट असतात, डायोडही नीट असतात. दोष असतो एका डब्यात. ज्या डब्यात दिवे आहेत, तो आपल्या पुढच्या आणि मागच्या चाकांतून वीज घेतो. हा डबा रुळाच्या कापाशी आला की पुढची चाके तुकड्यावर आणि मागची साध्या रुळावर असतात, आणि डब्यातील तार दोन्हींमध्ये पूल बांधते. त्या पुलावरून अखंड वीज तुकड्यात शिरते. इंजिनाला वाटते, मार्ग मोकळा झाला. म्हणून तुकडा निदान संपूर्ण गाडीएवढा हवा, आणि इंजीन कापापलीकडे जाऊ नये म्हणून वर थोडी सवलतही; किंवा डब्याने एकाच बाजूच्या चाकांतून वीज घ्यावी. गाडी थांबायला किती अंतर घेते, हे अंदाजाने ठरवू नये. ती पूर्ण वेगात सोडून फूटपट्टीने मोजावे.

आणखी एक प्रश्न उरतो. रिलेला प्रवाह तांबड्यासाठी द्यावा की हिरव्यासाठी? दोन्ही रीतींनी खेळ सारखाच चालतो. फरक तार तुटल्यावर दिसतो. तांबड्यासाठी दिला, तर तुटलेली तार म्हणजे मोकळा मार्ग. अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन यानेही पहिल्यांदा हाच घोटाळा केला होता. १८७० मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात त्याने आपली स्वयंचलित सिग्नलाची कल्पना छोट्या प्रतिकृतीवरच मांडली. तीत गाडी आली म्हणजे प्रवाह सुरू होई. बॅटरी संपली किंवा तार तुटली, तर गाडी असूनही सिग्नल ‘या’ म्हणे. हे ध्यानात येताच त्याने सारी रचना उलटी केली आणि १८७२ मध्ये तिचे पेटंट घेतले. रुळांतून प्रवाह अखंड वाहतो आणि रिलेला धरून ठेवतो. गाडीची चाके तो मधेच वळवितात, रिले सुटतो आणि सिग्नल तांबडा होतो. रूळ भंगला तरी तांबडाच. जुन्या हातसिग्नलाला लोखंडी वजन लावीत, तेही यासाठीच: ओढतार तुटली की हात आपोआप आडवा व्हावा.

मुंबईच्या उपनगरी मार्गांवर रुळांजवळील उपकरण गाडीखालच्या उपकरणाला सिग्नलाची खबर देते, आणि मोटरमनने तिकडे दुर्लक्ष केले तर ब्रेक लागतात, अशी व्यवस्था बसविण्यात आली. २०२० मध्ये भारतीय रेल्वेने ‘कवच’ ही पद्धती राष्ट्रीय पद्धती म्हणून स्वीकारली. तीत निरोप रेडिओवरून इंजिनात पोहोचतो. पुण्यात कोथरूडजवळ १९९८ पासून छोट्या रेल्वेचे एक संग्रहालय आहे. तेथे मेजावरचे हे जग पाहावयास मिळते.

जोडणी पुरी झाल्यावर तिची परीक्षा घेण्याची पद्धत अशी. सिग्नल हिरवा करावा, गाडी भरवेगात सोडावी आणि ती बोगद्यात असतानाच रिलेची तार उपटून हातात घ्यावी. दिवा तांबडा होतो. गाडी बाहेर येते, वेग मंदावतो, आणि सिग्नलाच्या वीतभर अलीकडे, दिवे तेवते ठेवून ती उभी राहते.